कहाणीवालं लाकूड

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. रविवारचा, ठरलेल्या वेळचा, चार मिनिटांचा. आधी माझा गुडघा, मग तिची सर्दी, मग हवा. हवा! एकाच शहरात राहतो आम्ही — बसनं पस्तीस मिनिटं. तिच्याकडे ऊन असेल तर माझ्याकडे काय गारा पडणार आहेत?

आज मात्र हवा संपली तरी तिनं फोन ठेवला नाही. म्हणाली, "आई, ते जुन्या लाकडाचं एक..." आणि अडखळली. मला अपुरं वाक्य सहन होत नाही. एकतीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांची वाक्यं पुरी करण्यातच हयात गेली. म्हटलं, "टेबल ना? हल्ली सगळ्यांना जुन्या लाकडाचंच हवं असतं. नवं काय चावतं की काय?" ती काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "तुमच्या नव्या घराला माझ्याकडून. जेवणाचं टेबल. मी बघते, तू त्यात पडू नकोस."

"बरं," म्हणाली.

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं! फोन ठेवल्यावर मी उगाचच दोन पातेली घासली. ती घासलेलीच होती.

११ फेब्रुवारी

शेजारीण म्हणाली, "जुनं लाकूड ना? आमच्या माळ्यावर तीन पायांची खुर्ची आहे, घेऊन जा." दानशूर!

१३ फेब्रुवारी

फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेले होते. आत गारठा, हळू आवाजात बासरी, आणि टेबलांना नावं! "निवांत". "मुळं". "परतीची वाट". परतीच्या वाटेचे पाय लोखंडाचे होते. विकणारी पोरगी एका फळीवरून हात फिरवत म्हणाली, "मॅम, ह्या लाकडाला पूर्वायुष्य आहे." मी म्हटलं, "मलाही आहे, पण मला कुणी काचेमागे ठेवत नाही." हसली नाही. तेवढं शिकवलं नसेल.

पूर्वायुष्य म्हणजे एका कडेला खिळ्यांची सहा भोकं. सारख्या अंतरावर, सरळ ओळीत, एका मापाची. इतकी शिस्त मी छापखान्यातसुद्धा पाहिली नाही. भोकं कालची होती.

बाहेर येऊन मिस्त्रींना फोन केला. माझं स्वयंपाकघर त्यांनीच केलं. वीस वर्षांत एक दार कुरकुरलं नाही. म्हणाले, "बाई, दुकानात कशाला गेलात? लाकूड वखारीत बघायचं. ट्रकच्या गॅरेजांच्या मागे एक लहानशी वखार आहे, स्वतःची करवत गिरणी असलेली. पाडलेल्या इमारतींचं लाकूड तोच एकटा घेतो. माणूस बरा आहे. बोलतो फार."

१६ फेब्रुवारी

वखार सापडली. पत्र्याची उंच शेड, मधोमध पट्टा-करवत — माणसाहून उंच, दोन चाकांवर गरगरणारं पातं — आणि चहूकडे भुसा. जमिनीवर भुसा, दिव्यावर भुसा, कॅलेंडरच्या तारखांवर भुसा. मालक समोर आला तर त्याच्या पापण्यांवरसुद्धा. भुसाराव! मी मनातल्या मनात नाव ठेवून मोकळी झाले.

त्यानं करवत थांबवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कहाणीवालं, की बिनकहाणीचं?"

मला वाटलं लाकडाची जात असेल. सागवान, शिसवी, कहाणी. म्हटलं, "टिकतं कुठलं?"

"लाकूड एकच हो. कहाणीवाल्याला चिठ्ठी लागते."

खरंच, भिंतीला लावलेल्या निम्म्या फळ्यांना सुतळीनं चिठ्ठ्या बांधलेल्या. म्हणाला, "पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं — पक्कं आहे का, कीड लागलीय का. आता विचारतं — कुणाचं होतं? मी खरं सांगून पाहिलं. एका बाईंना म्हटलं, सार्वजनिक मुतारीच्या छपराचं आहे, पण माल एक नंबर. त्या ज्या गेल्या! तीच फळी दुसऱ्या दिवशी संगीताच्या शाळेची म्हणून गेली. आता तिच्यावर रोज कुणीतरी जेवतंय."

एक चिठ्ठी वाचली. "हे लाकुड शंबर वर्शे जुन्या शाळेचे असुन त्यात मुलांचा आवाज आहेत." एका वाक्यात पाच चुका! मला घेरी यायची बाकी. पर्समधून लाल पेन कधी बाहेर आलं कळलंच नाही. त्याला म्हटलं, "थापा मारायच्या तर मारा, पण ऱ्हस्व-दीर्घ तरी खरे लिहा." तो चिठ्ठी दिव्याजवळ धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काय सुंदर खाडाखोड करता हो बाई तुम्ही!"

निवृत्तीनंतर मिळालेली ही पहिली शाबासकी. मला आवडली हे इथं नमूद करते.

निघताना विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच. "टपाल कचेरीशेजारचं वाचनालय पाडलं, तिथलं काही आहे?"

"आलं होतं की. सगळं माझ्याकडंच आलं. दोन महिन्यांत उचललं लोकांनी — खिडक्या, जिना, कपाटं. काडी उरली नाही."

बसमध्ये माझा थांबा कधी गेला कळलंच नाही; दोन थांबे पुढे जाऊन उतरले. पायी मागे आले.

१७ फेब्रुवारी

काल अर्धंच लिहिलं. आज उरलेलं.

ह्यांनी त्या वाचनालयात अठ्ठावीस वर्षं काढली. ग्रंथपाल. दारातून आत गेलं की लांबलचक लाकडी काउंटर, त्यामागे हे, आणि शाळा सुटली की काउंटरखाली फतकल मारून चित्रांची पुस्तकं बघणारी आमची लेक. मी छापखान्यात, ओव्हरटाइमला. तिचं निम्मं लहानपण त्या काउंटरखाली गेलं.

हे गेले. महिन्याच्या आत मी घरातली त्यांची पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली. सोळा पोती. लेक आली तेव्हा फडताळांवर नुसते धुळीचे चौकोन उरलेले. म्हणाली, "तू बाबांना रद्दीत घातलंस." मी म्हटलं, "हे घर आहे, वाचनालय नाही." वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. ती उठून गेली, ती परत ह्या घरात आलेली नाही. फोन मात्र दर रविवारी. कर्तव्याला पक्की — माझ्यावर गेलीय.

तिला हे सांगितलंच नाही की पानापानावर ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुठलंही पुस्तक उघडलं की हे बोलायला लागायचे — "हे बघ", "हे पटत नाही", "हिला वाचून दाखवणे". ही म्हणजे मी. दाखवायचं राहूनच गेलं. मला त्या घरात श्वास घेता येईना. म्हणून पोती भरली.

चुकलं माझं. हे वहीत लिहिता येतं. तिच्यासमोर तोंड उघडलं की जीभ टाळ्याला चिकटते. एकतीस वर्षं साऱ्या जगाच्या चुका दाखवल्या, स्वतःची एक दाखवायची तर पेनातली शाई वाळते.

२३ फेब्रुवारी

फोन. आज म्हणणारच होते. "चु" पर्यंत आले आणि म्हटलं, "चुळा भरतेय हल्ली, घसा धरलाय." ती म्हणाली, "मीठ टाकून भर." चार मिनिटं.

१ मार्च

मिस्त्रींना घेऊन वखारीत. भुसाराव लाकूड निवडत असताना बघावा. टिंगल करायचं विसरायला होतं. बोटाच्या पेरानं टकटक करतो, कान लावतो, नखानं ओरखडा काढून वास घेतो. खिळे एकेक करून स्वतः उपटतो. "एक आत राहिला तर करवतीचं पातं गेलं. आणि मी समोर असलो तर मीही." भोकांवरून सांगतो — इथं बिजागरी होती, इथं कुणीतरी रोज कुलूप आपटायचं, ही बाजू पावसाची. सगळं बरोबर. ज्याला लाकूड असं वाचता येतं तो चिठ्ठीवर थापा लिहितो! आणि लोक चिठ्ठीच वाचतात.

टेबलाजोगत्या चार फळ्या काढून दिल्या. सात फुटी, गडद, रेषा सरळ. कुठल्या विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "तुम्हाला खरं सांगतो. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामातला माळा." मिस्त्रींनी डोळा लावून फळी पाहिली. "बाई, घ्या. कोंबड्या गेल्या, लाकूड राहिलं."

घेतल्या. "चिठ्ठी काय लिहू?" "काही नको. टेबल हवंय, चरित्र नको."

तेवढ्यात एक गॉगलवाल्या बाई आल्या. मी शुद्ध केलेली शाळेची चिठ्ठी त्यांनी वाचली — दोनदा. मग फळीला गाल लावला. "ऐकू येतात," म्हणाल्या, "मुलांचे आवाज." मागे करवत चालू होती. करवतीसमोर स्वतःचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं.

त्या गेल्यावर भुसाराव म्हणाला, "तुम्ही दुरुस्त केल्यापासून तिसरी फळी गेली. शुद्ध लिहिलं की थाप लगेच पटते हो लोकांना." हे मी छापखान्यातच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

८ मार्च

आता आठवड्याला आठ-दहा चिठ्ठ्या लिहिते. मी सांगते, भुसाराव आपल्या हातानं उतरवून घेतो. मोबदल्यात पोतंभर भुसा. शेजारणीच्या कुंड्यांत खपतो.

आज लिहिलेल्या: बंद पडलेल्या व्यायामशाळेचा बाक — "समुद्राकडे तोंड करून बसणाऱ्या एका वृद्ध खलाशाचा." दवाखान्याची बाहेरची पायरी — "जिच्यावर पाय ठेवून शेकडो माणसे बरी होऊन घरी परतली." म्हटलं तर हे खोटंही नाही. एका दाढीवाल्या कॉफीवाल्याला तराफ्याची कहाणी हवी होती. म्हटलं, "महापूर घालू का?" "घाला," म्हणाला, "पण फार दुःखी नको, लोक केक खातात तिथं."

मुद्रितशोधकाला लेखकांचा मनातून राग असतो. का, ते आता कळलं. मजा सगळी तेच मारतात!

११ मार्च

गॉगलवाल्या बाई परत आल्या होत्या, तणतणत. त्यांच्या मैत्रिणीकडच्या टेबलावरही त्याच शाळेतल्या मुलांचे आवाज आहेत. भुसाराव शांतपणे म्हणाला, "शाळा मोठी होती बाई. दोन तुकड्या होत्या." बाईंनी विचार केला. मग विचारलं, "आमची 'अ' तुकडी ना?"

"अ," तो म्हणाला.

१६ मार्च

आज फोनवर हवा झाली, सर्दी झाली. मग तिनं विचारलं, "टेबलाचं लाकूड मिळालं का? कुठलं आहे?"

खरं सांगते, ठरवलं नव्हतं. महिनाभर चिठ्ठ्या लिहून जिभेला वळण लागलंय. म्हटलं, "वाचनालयाचं. बाबांचं काउंटर."

पलीकडे इतकी शांतता की मी फोन कानावरून काढून बघितला, चालू आहे ना. मग म्हणाली, "बाबांचं काउंटर? तुला मिळालं?"

"वखारीत होतं."

"नक्की तेच?"

"चिठ्ठी आहे ना बांधलेली."

मग म्हणाली, "तू स्वतः वखारीत गेलीस? त्याच्यासाठी?" मी म्हटलं, "गेले की. भुशात चप्पल गेली, एक अजून सापडलेली नाही." आणि ती हसली! चार वर्षांनी. नाकातून, ह्यांच्यासारखी. फोन अकरा मिनिटं चालला.

अकरा मिनिटांसाठी मी काय बोलून बसले ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. आता परत कसं घ्यायचं? "ते काउंटर नाही गं, कोंबड्या आहेत"?

१७ मार्च

वखारीत. भुसारावला म्हटलं, चिठ्ठी लागेल. कुठली, ते सांगितलं. त्यानं भुवईसुद्धा वर केली नाही. "लिहा की. त्या वाचनालयाच्या एका जिन्यातून मी अकरा बाक विकले आहेत."

मी मजकूर सांगितला: "ह्या काउंटरमागे एक ग्रंथपाल अठ्ठावीस वर्षे बसला. दर दुपारी शाळा सुटली की एक लहान मुलगी ह्याच्याखाली बसून चित्रे पाहत असे. तिचा आवाज होऊ नये म्हणून तो तिच्या हातात बिस्किटाऐवजी केळे देई."

त्यानं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर उतरवलं आणि अभिमानानं पुढे धरलं. "बघा. एकही चूक नाही!"

हीच तर पंचाईत. वखारवाल्याच्या चिठ्ठीत अनुस्वार जागच्या जागी? लेक माझ्या पोटची आहे. शाळेच्या निबंधात एक वेलांटी चुकली तर मी तिला पान परत लिहायला लावायचे. तिला पहिल्या ओळीत संशय येईल. म्हटलं, "एखादी चूक घाला हो." भुसाराव दुखावला. "आता कुठं जमायला लागलं, आणि तुम्हीच बिघडवायला सांगता?"

शेवटी मीच केलं. "दुपारी"ची दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली. "दुपारि". जन्मात पहिल्यांदा बरोबर अक्षर चुकवलं. घरी येऊन आधी साबणानं हात धुतले.

चिठ्ठी आता अगदी खरी वाटते. चारदा तपासली.

२८ मार्च

मिस्त्रींकडे टेबल बघायला गेले. रंधा मारल्यावर आतून काय रंग निघालाय! मी हात ठेवला आणि काही क्षण चिठ्ठी खरी वाटली.

मिस्त्री मात्र कुरकुरत होते. "भोकं बुजवू ना?" म्हटलं, "नको. भोकं दिसली पाहिजेत." रंधा खाली ठेवून म्हणाले, "बाई, माझ्या बापानं मला दोन वर्षं फक्त भोकं बुजवायला शिकवलं. बुजवलेलं दिसलं की टपली मारायचा. आता तुम्ही म्हणता दाखवा. मग मी एवढ्या टपल्या कशाला खाल्ल्या?"

शेवटी त्यांनी खालच्या बाजूची, कुणाला न दिसणारी भोकं बुजवली. आपल्या समाधानासाठी.

१२ एप्रिल

टेबल पोचलं. लेकीचा लगेच फोन नाही. संध्याकाळपर्यंत तीन वेळा फोनची बॅटरी तपासली.

१३ एप्रिल

फोन आला. "टेबल सुरेख झालंय. चिठ्ठी वाचली."

मी म्हटलं, "हो का?" ह्याहून हुशार काही सुचलं नाही.

"'दुपारी'ची वेलांटी ऱ्हस्व आहे."

"असेल. वखारवाल्यांचं शुद्धलेखन..."

"तुझ्या नजरेतून सुटली?"

"डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

"हं," म्हणाली. मग, "वखारवाल्याला बरीच माहिती दिसते. केळ्याची वगैरे."

वेलांटी बघत बसले आणि मजकूर बघितलाच नाही. छापखान्यात नवीन पोरींना मीच सांगायचे — अक्षरं तपासता तपासता वाक्य निसटतं, सांभाळा. म्हटलं, "चौकशी करून ठेवतो तो. त्याचा धंदाच आहे तो." म्हणाली, "असेल. रविवारी जेवायला ये."

जेवायला! तिच्या नव्या घरी मी अजून पाऊल ठेवलेलं नाही.

२० एप्रिल

जाऊन आले. पस्तीस मिनिटांचा प्रवास, तासभर आधी निघाले, समोरच्या बागेत बसून राहिले.

टेबल जिथं ठेवलंय तिथं खिडकीतून ऊन येतं. शोभतं. लेक पानं वाढता वाढता हात फिरवत म्हणाली, "बाबांची कोपरं इथंच टेकत असतील, नाही?" मला ठसका लागला. पाणी दिलं. मग वाकून वास घेतला आणि म्हणाली, "वास वेगळाच येतो. दाणे भरडल्यासारखा."

"जुन्या कागदाचा असेल," मी म्हटलं. "कागद मुरला की तसाच येतो."

"कोंबड्या पाळलेल्या घरात येतो, तसा," जावई म्हणाला. भला माणूस आहे, पण नाक फार चांगलं. "पण मी म्हणतो, ते काउंटर जर—" आणि लेकीनं त्याच्या पानात दोन डाव भाजी एकदम वाढली. तो गप्प जेवायला लागला. माणसाचं तोंड बंद करायची ही रीत माझी. बघून बरं वाटलं.

निघताना ती थांब्यापर्यंत आली. बस येईपर्यंत आम्ही दोघी हवेवर एक अक्षर बोललो नाही.

२७ एप्रिल

फोन. वीस मिनिटं. शेजारणीची तीन पायांची खुर्ची सांगितली. ती हसून हसून खोकायला लागली.

४ मे

खरं सांगायला हवं. रोज ठरवते. आता एकाच्या दोन चुका झाल्या: पुस्तकांची कबूल करायची होती, ती टाळायला टेबल केलं, आता टेबलाचीही करायची आहे. तिच्या बापाची कोपरं टेकवायला मी तिला कोंबड्यांचा माळा दिला! आणि ती त्यावरून हात फिरवते.

सांगितलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसतं. पुन्हा चार मिनिटं. गुडघा, सर्दी, हवा. ह्या वेळी ती फोन तरी करेल की नाही कोण जाणे. मला ते सोसणार नाही. बासष्ट वर्षांची बाई वीस मिनिटांच्या फोनसाठी खोटं बोलते, आणि वर लोकांच्या "अ" तुकडीला हसते.

५ मे

भुसारावला म्हटलं, आता चिठ्ठ्या बंद. मला जमणार नाही. त्याचा चेहरा पडला. "का हो बाई? लोक किती खूश होऊन जातात." मी म्हटलं, "त्याचाच त्रास होतो." त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "बरं नसेल तर घरी आणून देतो चिठ्ठ्या. पत्ता द्या." दिला. नाही म्हणायलासुद्धा जमत नाही हल्ली.

११ मे

फोनवर "चुकलं" पर्यंत गेले. संपूर्ण शब्द बाहेर आला! ती म्हणाली, "काय चुकलं?" मी म्हटलं, "बस. काल बस चुकली."

"आई, काल तू घरीच होतीस."

"म्हणूनच तर चुकली."

१८ मे

लेक आज न सांगता आली. ह्या घरात, चार वर्षांनी. मी चहा ओतत होते तेवढ्यात बेल वाजली — भुसाराव, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. आत आला, तिला पाहिलं आणि पापण्या झाडत म्हणाला, "अरे ताई, तुम्ही इथं? ते वाचनालयाचं काउंटर आईला द्यायचंय म्हणून नेलं होतंत ना मागच्या साली — दिलंत का मग?"

लेक माझ्याकडे बघत नव्हती. त्याला म्हणाली, "नाही अजून. एकदा फोनवर विषय काढला होता. पुढं बोलताच आलं नाही."

मी किटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. भिंतीकडे तोंड करून शब्द एकदा म्हणून पाहिला. मग बाहेर आले आणि तिला म्हटलं, "चुकलं माझं."

"काय चुकलं?" भुसारावनं विचारलं.

"तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.